नवसाचं शेवाळ

बोरीवली (पूर्व),
१४ सप्टेंबर १९८६

ती. मालनमावशीस,
उत्तराचा शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीत तुमच्याकडे मुलुंडला आले तेव्हा पानावरून उठून मी अर्धा तास मागच्या दाराशी उभी राहिले, ते तुला आवडलं नाही. मोदक बिघडले म्हणून नाही गं, मी तुमच्या बिल्डिंगची मागची भिंत बघत होते. तिच्यावर जे हिरवं मखमलीसारखं पसरलं आहे ते मला हवं आहे. तू त्याला शेवाळ म्हणतेस, आम्ही मॉस म्हणतो. आमच्या इथलं, नॅशनल पार्कातलं मॉस पाऊस सरला की वाळून कोळपून जातं. तुमच्याकडे वरचा पाईप गळतो, म्हणून ते जिवंत राहील.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी पीएचडी कशावर करते आहे हे तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. आजोबा गवंडी होते ना? चुन्यात गुळाचं पाणी आणि उडदाचं पीठ घालायचे, म्हणून त्यांची भिंत हलत नाही, असं तूच सांगायचीस. झाडाच्या प्रत्येक पेशीला अशीच एक भिंत असते आणि तिच्यातही गूळ-उडीद असतात. म्हणजे साखर आणि प्रथिन, एकमेकांना घट्ट चिकटलेली. त्याला ग्लायकोप्रोटीन म्हणतात. फुलझाडांत ते सापडलेलं आहे. पण ज्यांना फूल नाही, बी नाही, जी नुसत्या भुकटीएवढ्या बीजाणूंवर वाढतात, ती नेच्याची रोपं आणि हे मॉस, यांच्या भिंतीत ते किती आहे? गवंड्याची ही युक्ती किती जुनी, एवढंच मला शोधायचं आहे.

तर दोन कामं कर. भिंतीच्या वरच्या अंगाला ओल असते, खालचं अंग सुकतं. तिथे रोज तांब्याभर पाणी मार. आणि तुमच्या त्या सेक्रेटरी श्यामकांतना दिवाळीआधी भिंत खरवडून चुना लावू देऊ नकोस. माझ्या नोंदणीची मुदत मार्चअखेर संपते. त्यानंतर मी आहेच पुन्हा नुसती लेक्चरर.

तुझी,
उत्तरा


मुलुंड,
२० सप्टेंबर १९८६

चि. सौ. उत्तरा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बाय माझी, तू शेवाळाची डॉक्टर होणार हे मी रत्नप्रभेला सांगितलेलं नाही. शेजारीण झाली तरी सगळं सांगायचं नसतं. तिला ‘झाडांची’ एवढंच माहीत आहे, तेवढंच राहू दे.

पाणी मारते. श्यामकांतला मी सांगितलं, ते औषधी आहे, हात लावलास तर अंगाला खाज सुटेल. तेव्हापासून तो त्या बाजूने जात नाही.

मुदतीचं वाचून काळजी वाटली. तू नाव घातलंस त्या दिवशी मी सातेरीदेवीला बोलले होते, उत्तराला पदवी मिळेपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही. चार वर्षं झाली. सुकटीचा डबासुद्धा बोहारणीला दिला. सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. भजनी मंडळात मला पुढे बसवतात ते काही माझ्या गळ्यासाठी नाही. तेव्हा तू आता मन लावून कर.

तुझी,
मालनमावशी

ता. क. नवस हिने केला, पण आमच्या घरात भाजी एकच शिजते. मी गिरणीत तीस वर्षं घालवली, संपात दीड वर्ष काढलं, तेव्हासुद्धा इतकी दुधी खाल्ली नव्हती. लवकर आटप.
— गुणाजीकाका


बोरीवली,
९ ऑक्टोबर १९८६

ती. मावशीस,
शि. सा. न.

हे पत्र लिहायचं की नाही, असं दोन दिवस चाललं होतं. मी सोडून देते आहे.

पार्कातल्या मॉसचे सगळे नमुने तपासून झाले. आम्ही नमुना आम्लात शिजवतो, मग त्यात एक द्रव्य घालतो. हवी ती वस्तू असली तर गुलाबी रंग येतो, जितकी जास्त तितका गडद. नेच्याचा छान गुलाबी आला. मॉसचा रंग मात्र बघावा तर पाणी. मार्तंडसर माझे मार्गदर्शक, ते नळी उजेडात धरून म्हणाले, “बाई, हा गुलाबी तुम्हाला दिसतो, मला दिसत नाही.” अंधेरीच्या कॉलेजातून घरी यायचं, पोळ्या लाटायच्या, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा पाणी बघायचं. आता पुरे. तुझे चार वर्षांचे मासे बुडाले, त्याची मात्र फार लाज वाटते.

तुझी,
उत्तरा


मुलुंड,
१४ ऑक्टोबर १९८६

चि. उत्तरास आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी मर्जी. शिकलेल्यांना आम्ही काय सांगणार.

भिंतीला पाणी मारायचं की थांबवायचं ते कळव. तोवर मारते. बाजारात जायचं आहे म्हणून इथेच पुरे करते.

मालनमावशी

ता. क. आज घरात फार दिवसांनी आनंद आहे.
— काका


बोरीवली,
२३ ऑक्टोबर १९८६

ती. मावशीस,
शि. सा. न.

तुझं चार ओळींचं पत्र आलं आणि मला कुणीतरी कान धरून उभं केल्यासारखं झालं. तू रागावलीस. रागावायलाच हवं होतंस.

त्याच दिवशी आमचे श्यामसुंदर म्हणाले, “मग आता फ्रिजमधली ती शेवाळाची डबडी टाकून देऊ? लोणी ठेवायला जागा होईल.” नवऱ्याने आयुष्यात एकदा घरकामाला हात लावायची तयारी दाखवली, आणि मी इतक्या जोरात “खबरदार!” म्हणाले की शेजारचं पोर रडायला लागलं. तेव्हा कळलं की मी सोडलेलं नाही.

तुमच्या भिंतीचा नमुना अजून बाकी आहे. भाऊबीजेला तुमच्या जयवंतला ओवाळायला येईन तेव्हा घेऊन जाईन. तुझा नवस तसाच चालू ठेव, त्याचाच आधार आहे. काकांच्या आनंदाचं कारण कळलं नाही. जयवंतला कारखान्यात बढती मिळाली का?

तुझी,
उत्तरा


बोरीवली,
१८ डिसेंबर १९८६

ती. मावशीस,
शि. सा. न.

मावशी, लाल! गुलाबी नाही, लाल! तुमच्या भिंतीचं मॉस शिजवलं आणि नळीत जास्वंद फुलली. नेच्याच्या चौपट आकडा आला. मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा मार्तंडसरांनी स्वतः केलं आणि मग खुर्चीवर बसले. ते म्हणाले, “बाई, हे कुठे कुणी पाहिलेलं नाही.” गेली चार वर्षं ते मला ‘बाई’ म्हणतात, पण या वेळच्या ‘बाई’त जरा अदब होती.

एकतीस जानेवारीला आमच्याकडे परिसंवाद आहे. पुण्याहून, बडोद्याहून मोठी माणसं येणार. सरांनी माझं नाव पहिल्या सत्रात घातलं आहे. यावर प्रबंध उभा राहील.

भाऊबीजेला मी खालच्या अंगाचा नमुना खरवडला. वरचं जास्त दाट होतं, पण साडी नेसून स्टुलावर चढायचा कंटाळा केला. आणि तेव्हा बोलले नाही, पण भिंतीपाशी तू उदबत्त्या लावलेल्या पाहून मला भरून आलं. माझ्या अभ्यासाची तू पूजा करतेस.

आता एक सांग, त्या भिंतीत वेगळं काय आहे? शेजारून गटार जातं का? तू पाण्यात काही घालतेस का?

तुझी,
उत्तरा


मुलुंड,
२४ डिसेंबर १९८६

चि. सौ. उत्तरास,
अनेक आशीर्वाद.

वाचून आनंद झाला. गटार नाही. पाण्यात काही नाही. पाणी म्हणजे पाणी, त्यात काय असायचं.

इथे हल्ली मांजरं फार झाली आहेत. पाच-सहा जणं भिंतीकडे तोंड करून ओळीने बसतात. एक बोका तर भिंत चाटतो.

मी आपलं सहज विचारते, कुणी त्या भिंतीवर चुकून दुसरं काही ओतलं, तर तुझ्या त्या नळीत कळतं का गं? कुणी म्हणजे कुणीही. बिल्डिंगमध्ये काय, सतरा जातीची माणसं.

मालनमावशी

ता. क. तुझी मावशी सांगता ता सगळा खरा नाय. मी काय बोलाचय नाय.
— काका


बोरीवली,
२ जानेवारी १९८७

ती. मावशीस,
शि. सा. न.

काका नेहमीप्रमाणे चेष्टा करतात. पण मांजरांची गोष्ट फार महत्त्वाची आहे! मी सरांना सांगितली. ते म्हणतात, या मॉसमध्ये एखादा वास असलेला पदार्थ तयार होत असेल. त्यांनी निबंधात मांजरांवर एक परिच्छेद घालायला सांगितलं आहे. बोका दिवसातून किती वेळा चाटतो, ते मोजून कळव.

तू विचारलंस ते अगदी शास्त्रज्ञासारखं विचारलंस. आम्ही जे मोजतो त्याचं नाव हायड्रॉक्सीप्रोलीन. झाडांत ते मुख्यतः या भिंतीच्या प्रथिनातच असतं, म्हणून त्यावरून भिंतीतलं प्रथिन किती ते कळतं. झाडं सोडली तर ते भरपूर सापडतं ते प्राण्यांच्या कातडीत, हाडांत, माशांच्या खवल्यांत. ती नळीत आली तर रंग असाच लाल होईल, नळीला काही फरक कळणार नाही. पण तुमच्या मागच्या भिंतीवर खवले कुठून येणार! तेव्हा निर्धास्त राहा. निबंध टाइप करायला दिला आहे.

तुझी,
उत्तरा


मुलुंड,
७ जानेवारी १९८७

चि. उत्तरास आशीर्वाद.

टाइप करायला दिलेला थांबव.

तुझं पत्र मी काकांकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना ते हसत होते. मला हसू येत नाही. एक गोष्ट सांगते, ती तुझ्यापाशीच ठेव.

मागे एकदा, एकदाच, जयवंतच्या मित्राने वाटाभर कोलंबी आणून दिली. घरी आलेली लक्ष्मी परत कशी पाठवायची? ती धुतलेलं पाणी मी मागच्या भिंतीवर ओतलं. मोरीत ओतलं असतं तर पाईप रत्नप्रभेच्या खिडकीखालून जातो. कोलंबी मी खाल्ली नाही. चव बघितली, मीठ बघायला.

एवढ्याने काही बिघडत नसेल ना?

मालनमावशी


बोरीवली,
१० जानेवारी १९८७

ती. मावशीस,
शि. सा. न.

कोलंबीच्या पाण्याने हा आकडा येत नाही.

मी तुला दोष देत नाही, मी फक्त आकडेमोड करते आहे. कोलंबीच्या सालीत ही वस्तू इतकी नसते. त्याला कातडीचा, काट्याचा, खवल्याचा मासा लागतो. शिवाय एकदा ओतलेलं पाणी भाऊबीजेपर्यंत टिकणार नाही. नेच्याच्या चौपट म्हणजे, माझ्या हिशेबाने, आठवड्यातून दोनदा.

तुझं पत्र वाचून मी उरलेला नमुना काढला. प्रयोगाआधी मी तो तीन पाण्यांनी धुतला होता. तरी मॉसच्या गादीत सुई घालून बघत बसले, सोबत जोडलेली वस्तू निघाली. पुडी जपून उघड, फुंकर मारू नकोस. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असले तरी मालवणची आहे. हा मांदेलीचा खवला आहे.

मावशी, परिसंवादाला एकवीस दिवस आहेत. मी तिथे उभी राहून माशाच्या पाण्याला मॉसचा शोध म्हणून सांगणार होते. मांजरांसकट! आता खरं सांग, सगळं. केव्हापासून, किती, आणि भिंतीवर कुठपर्यंत?

तुझी,
उत्तरा


मुलुंड,
१३ जानेवारी १९८७

चि. उत्तरास आशीर्वाद.

खवला मिळाला. देवीपुढे ठेवला आणि तिच्यासमोरच हे लिहायला बसले आहे.

चार वर्षं मी खरंच काही खाल्लं नव्हतं गं. जयवंतच्या लग्नात पापलेट पुढ्यातून गेलं, मी मान वळवली. मग ऑक्टोबरात तुझं पत्र आलं, सोडून देते म्हणून. मला इतका राग आला. तुझा नाही, कुणाचा ते कळेना. तुझी आई माझ्या पाठची, तिला चौथीतून काढलं, मला दुसरीतून. तुझी आई जाताना मला म्हणाली होती, उत्तराला मधेच थांबू देऊ नकोस. आणि तू मधेच थांबलीस. मी म्हटलं, देवीने ऐकायचं नाही ठरवलं तर मी तरी कशाला उपाशी राहू? पत्र घडी घालून बटव्यात टाकलं आणि तशीच बाजारात गेले. जानकी कोळणीसमोर उभी राहिले. तिने मला बघून हातातला कोयता खाली ठेवला. म्हणाली, “झाली काय तुमची पोर डॉक्टर?” मी म्हटलं, “दोन वाटे मांदेली दे, बोलू नकोस.”

दहा दिवसांनी तुझं पत्र आलं, सोडत नाही, तुझ्या नवसाचाच आधार आहे. आता ते पत्र वाचताना माझ्या पुढ्यात ताट होतं आणि ताटात काय होतं ते विचारू नकोस. तुला कसं कळवू? आणि एकदा जीभ चाळवली की चाळवली. बुधवारी आणि शुक्रवारी रत्नप्रभा दुपारी भजनाला जाते, मी संधिवाताचं निमित्त करून घरी राहते, तेवढ्यात तळून घ्यायचं. तेव्हा आठवड्यातून दोनदा हे तुझं बरोबर आहे. नळीत पाहून तुला वारसुद्धा कळले असतील. आकडेमोड करणाऱ्यांशी खोटं बोलू नये, हे मला काकांनी आधीच सांगितलं होतं.

उदबत्त्या पूजेच्या नव्हत्या. वासासाठी होत्या.

कुठपर्यंत विचारतेस, तर माझा उजवा हात संधिवाताने खांद्याच्या वर जात नाही. टोपातलं पाणी तिथवरच उडतं. त्याच्या वरचं सगळं तसंच आहे, पाईपच्या पाण्यावर वाढलेलं. त्याला मी शिवलेली नाही. काका आज स्टुलावर चढले, खाली मी स्टूल धरलं आणि श्यामकांतने काका धरले. सगळ्यात वरचं काढलं आहे. ओल्या फडक्यात बांधून जयवंतबरोबर पाठवते, उद्याच्या संक्रांतीचे लाडू त्याच पिशवीत आहेत, पण वेगळ्या डब्यात. शपथेवर सांगते, वेगळ्या डब्यात.

तुझा घात केला मी.

मालनमावशी


बोरीवली,
१ फेब्रुवारी १९८७

ती. मावशीस,
शि. सा. न.

कालचा परिसंवाद झाला. आधी नळीचं सांगते.

वरचं मॉस मी दहा पाण्यांनी धुतलं, एकेक पान भिंगाखाली बघितलं, मग शिजवलं. द्रव्य घातलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा नळी पांढरी वाटली. मग तिच्यामागे कोरा कागद धरला. गुलाबी! तुझ्या लग्नातल्या शेल्याचा असेल तसा फिका. पाच वेळा केलं, पाचही वेळा तोच. नेच्याच्या निम्म्याहून थोडं कमी. पण आहे, मावशी. पार्कातलं मॉस मी वाळल्यावर आणायचे म्हणून नीट दिसत नव्हतं, हे जिवंत होतं. गवंड्याची ती युक्ती या एवढ्याशा हिरव्या जिवालाही ठाऊक आहे. मार्तंडसर नळी उजेडात धरून म्हणाले, “दिसतो. मलाही दिसतो.”

सर म्हणत होते, लाल नळीचं काही सांगू नका, शोभा होईल. मी सांगितलं. म्हटलं, पहिल्या नमुन्यात माशाच्या खवल्यांची भेसळ निघाली, ती पाणी घालणाऱ्या व्यक्तीने स्वतः होऊन कळवली, नाहीतर आज मी इथे चौपट आनंदात उभी असते. सभागृह हसलं. बडोद्याचे एक म्हातारे गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी उठून विचारलं, भिंत तीच, मॉस तेच, नमुना मात्र उंचीवरचा घ्यायचा, हे कुणाला सुचलं? मी म्हटलं, माझ्या मावशीच्या संधिवाताला. मग तेही हसले, आणि माझ्या कागदाची प्रत मागून घेतली.

प्रबंध मार्चमध्ये देते आहे. आभाराच्या पानावर तुम्हा दोघांची नावं आहेत. मांजरांचा परिच्छेद काढला.

आणि घात वगैरे लिहू नकोस. मी सोडते म्हणाले नसते तर तू बाजारात गेली नसतीस. नवस आधी मी मोडला, तू नंतर. आईने तुला असं सांगितलं होतं, हे मला चाळीस पैशांच्या अंतर्देशीयातून कळावं का गं? पुढच्या रविवारी येते. तेव्हा सगळं सांग, ती काय म्हणाली, कशी म्हणाली.

तुझी,
उत्तरा


मुलुंड,
५ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. उत्तरा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. काकांनी वाचलं, मग मी, मग काकांनी परत. शेला त्यांनी ट्रंकेतून काढून आणला, रंग बघायला. तसाच आहे, फिका.

तू शंभर माणसांपुढे खरं सांगितलंस, तर मला एका रत्नप्रभेला सांगायला काय झालं? काल गेले तिच्याकडे. म्हटलं, बाई, मी नवस मोडला, आजपासून भजनात मागे बसेन. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो मालनबाई, आम्हाला दिवाळीपासून माहीत आहे. एवढी मांजरं काय भजनाला येत होती? तुम्हाला निवांत खाता यावं म्हणून तर शुक्रवारचं भजन आम्ही अर्धा तास वाढवलं.” श्यामकांतला माहीत होतं. जानकीने तर बाजारभर केलं होतं. अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं गं, एक डॉक्टर होणारी सोडून.

आता नवस पुन्हा धरला आहे. देवीला सांगितलं, मागचं मोजू नकोस, आजपासून धर. पदवी हातात पडेपर्यंत नाही म्हणजे नाही. काका दुधीकडे बघत बसले आहेत.

श्यामकांतने काल मागची भिंत खरवडून चुना मारला. मी आधी आडवी गेले, मग म्हटलं, मार, पण माझ्या खांद्यापर्यंतच. त्याने मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि डोक्यावर नव्हे, खांद्यावर रेघ ओढली. खाली आता पांढरं स्वच्छ आहे. मांजरं आज सकाळी येऊन बसली, मग गेली.

वरचं आहे तसंच हिरवं आहे. रविवारी येशील तेव्हा बघ. माझा हात जिथे संपतो, तिथून तुझं सुरू होतं.

तुझी,
मालनमावशी

ता. क. जानकीला दोन वाटे सांगून ठेवले आहेत. तारीख तू कळव.
— काका